पाठीवरचा थेंब

सई, त्या रविवारी लाईट गेली नव्हती. मी खोटं बोलले. तू पडद्यासमोर ती दगडाची चकती धरली होतीस, तिच्यावरचा थेंब पसरत चालला होता, आणि मी "अगं, लाईट गेली बघ" म्हणून फोन बंद केला. पंखा माझ्या डोक्यावर फिरत होता. तुला तो ऐकूही आला असेल. तू नंतर "जेवलीस का?" एवढंच विचारलंस, हा तुझा चांगुलपणा. तुझ्या भावाचा, ईशानचा, मात्र लगेच मेसेज आला : "लेबल-आजी, इन्व्हर्टर विकलास का?"

इन्व्हर्टर जागच्या जागी आहे. त्याच्यावर बॅटरीत पाणी कधी घातलं त्याची तारीख लिहिलेली चिठ्ठीही आहे. तेव्हा ईशान, तू हसून घे, आणि मग हे दोघं मिळून वाचा. फोनवर मला हे सांगता येणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो.

अश्विन लागला आहे. बोरी गावाच्या चहूबाजूंनी पऱ्हाटी छातीएवढी झाली आहे. तुम्ही तिला कापसाचं झाड म्हणता, इथे पऱ्हाटीच म्हणतात. फुलं सकाळी पिवळी आणि मावळतीला गुलाबी, खाली हिरवी टणक बोंडं. पाऊस थांबून आठ दिवस झाले की जमीन वाफ सोडते आणि ऊन असं पडतं, की वैशाखातलं बरं वाटावं. लांबून पाहिलं तर सुंदर दिसतं. जवळ गेलं की वास येतो. कुजलेल्या लसणासारखा, थोडा रॉकेलसारखा, आणि मागून काहीतरी गोडसर. फवारणीचा वास. तो आला की मी पश्चिमेच्या खिडक्या लावून घेते, माठावर दुहेरी फडकं बांधते, अंगणातली तुळससुद्धा उचलून आत आणते. आणि माझा राग वर येतो. म्हातारपणी माणूस निवतो असं लोक म्हणतात. ज्यांनी हे म्हटलं त्यांना राग येण्यासारखं काही झालेलं नसावं.

तू किती छान समजावत होतीस, सई. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मला चांगलं सांगणं कळतं. जमिनीखाली तेलाची तळी नसतात आजी, तेल दगडाच्या बारीक छिद्रांत असतं, असं तू म्हणालीस. विहीर पाडली की काही आपोआप वर येतं. मग दुसऱ्या विहिरीतून पाणी ढकलायचं, की आणखी थोडं येतं. आणि उरलेलं, कधी कधी निम्म्याहून जास्त, दगडाला चिकटून तिथेच बसून राहतं. "ढेपेतल्या तेलासारखं," मी म्हटलं. तुला ते आवडलं. लहानपणी तू सरकीची ढेप चाखून पाहिली होतीस आणि गाईसारखी मान हलवली होतीस. घाण्याने कितीही पिळलं तरी ढेपेत तेल उरतं; गुरांना ते ठाऊक असतं, म्हणून तर ती ढेपेकडे धावतात.

मग तू तुझ्या पाण्याबद्दल सांगितलंस. त्यात वाळू ज्याची असते त्याचेच कण, पण इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो मावतील. हे कण तेल आणि दगड यांच्यातल्या फटीत पाचरीसारखे शिरतात, तेलाची कड उचलतात आणि त्याला सुटं करतात. आतापर्यंत तेलाला धरून बसलेला दगड मग पाण्याला धरू लागतो. हे दिसावं म्हणून तू दोन चकत्या आणल्या होत्यास. एकीवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल बसला. दुसरी चकती तुझ्या त्या पाण्यात भिजवून ठेवलेली होती. तिच्यावर तोच थेंब टेकला आणि आपोआप पसरला, चपटा झाला, दगडात जिरल्यासारखा झाला. "बघ आजी, किती सुंदर!"

खरंच सुंदर होतं. आणि मला ते पाठ होतं.

आमच्या शाळेमागे सांडपाण्याच्या नालीला अळू होतं. दर वर्षी याच दिवसांत मी सातवीच्या वर्गाला तिथे नेत असे. अळूच्या पानावर ड्रॉपरने पाण्याचा थेंब टाकायचा. तो गोल होतो, घरंगळतो, पान कोरडंच. मग पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा-साबण घालायचा आणि पुन्हा थेंब टाकायचा. तो पान धरतो, पसरतो. मुलं दर वर्षी "हाऽऽ" करत. मी फळ्यावर व्याख्या लिहून देई. त्या वर्गांपैकी एकात तांड्यावरून येणारा सुदाम राठोड होता. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत वऱ्हाडी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काहून?" पोरांनी त्याचं नाव काहून-सुदाम ठेवलं होतं. पाणी गोल काहून होते? साबण टाकला त पसरते काहून? मला उत्तरं येत होती. न येणारी उत्तरंही मी त्याच आवाजात देत असे, हे मला फार उशिरा कळलं.

आता मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे, त्या वर्षी सुदाम चाळिशीला आला होता आणि मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कापसाची वाईट वर्षं चालू होती. ज्या बियाण्याला अळी लागतच नाही असं सांगून विकलं होतं, त्याच पऱ्हाटीच्या बोंडात गुलाबी अळी निघत होती. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत किडकी सरकी. शहरातून लोक मोठाले कॅमेरे घेऊन येत आणि आधीच ठरवलेला फोटो काढून जात. त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही. मला त्या साली उंच वाढलेल्या पऱ्हाटीबद्दल लिहायचं आहे. ती त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती. एरवी फवारा खाली मारतात. त्या साली नळी डोक्याच्या वर धरून मारावी लागे, आणि मारलेलं सगळं वाऱ्याबरोबर तोंडावर येई.

गावात इंग्रजी नीट वाचणारी मी एकटी. नागपूरला इंग्रजी शाळेत शिकल्याचा बोरीला झालेला एकमेव उपयोग म्हणजे माझा ओटा. विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, पोराचं नोकरीचं पत्र, सगळं तिथे येई. सुदाम आणि त्याची बायको कमला एका सकाळी पिशवीत तीन बाटल्या घेऊन आले.

"बाई, हे वाचून द्या. दुकानदार म्हने समदं एकातच टाका, कडक होते. अन् थे लिवलं हाय बारीक, थे काय हाय?"

बारीक होतं खरंच. माझं भिंग आणावं लागलं. बाटलीवर चौकोनात लाल त्रिकोण, आणि त्याखाली मुंगीच्या पायांसारखी अक्षरं. अशा बाटलीला इथे सगळे औषध म्हणतात. मीही म्हणत असे. मी सगळं वाचलं आणि एका कोऱ्या कागदावर मराठीत लिहून दिलं. क्रमांक घालून, एकाखाली एक, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघ. किती पाण्याला किती झाकण. एकात दुसरं मिसळू नये. रबरी हातमोजे, नाकाला पट्टी, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांना चष्मा. वाऱ्याच्या दिशेने चालावे. खाली तारीख घातली आणि सही केली. कोणत्याही कागदावर तारीख आणि सही करायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा करते.

सुदाम ऐकत होता आणि हसत होता. "बाई, एवढं आंगावर घातलं त मी नवरदेव दिसन."

कमला म्हणाली, "नवरदेव झालता तवा बी हातमोजे नवते. उधारीचा कोट होता."

"अन् तू काय कमी? तुया पायात माह्या बहिनीच्या चपला होत्या!"

हातमोजे दारव्ह्याच्या दुकानात नव्हतेच. तीन बाटल्यांवर एक टोपी फुकट मिळाली होती, छापील नावाची, लालभडक. मोजे मागितले तर दुकानदार म्हणाला होता, "कायले? थंडी वाजून राह्यली का?"

मग सुदामने त्याचा जुना प्रश्न काढला. "बाई, औषध पानावर थांबून नाई राह्यलं. मारलं की घरंगळते. खाली मातीत जाते. काहून?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चाळिशीचा विद्यार्थी, तोच प्रश्न. मी उठले, घरामागच्या नालीकडचं अळूचं पान तोडून आणलं, देवघरातली गंगाजळीची पळी घेतली, दोन वाट्यांत पाणी. त्याला पुन्हा सातवीत नेलं. साधा थेंब घरंगळला. साबणाचा थेंब पसरला. "दुकानात चिकटवायचं द्रव मिळतं, स्टिकर म्हणतात त्याला. ते थोडं घाल. थेंब पानाला धरून राहील, फांदीफांदीत शिरेल, वाया जाणार नाही."

"हाव बाई, हाव!" तो पान उन्हात तिरकं धरून बघत होता. "तुमच्यापाशी समद्याचं उत्तर असते." आणि मग पान खाली ठेवता ठेवता म्हणाला, "अन् बाई, आंगावर सांडलं त? थे बी असंच पसरन का?"

मी चहा गाळत होते. "सांडलं तर लगेच पाण्याने धुऊन टाकायचं," मी म्हटलं.

प्रश्न तो नव्हता. त्याने पसरेल का असं विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. मी कधी विचारच केला नव्हता की माणसाची कातडीही एक पानच आहे, आणि ज्याने थेंब पानाला धरतो त्याने तो कातडीलाही धरेल, रोमारोमांत शिरेल. विज्ञानाची शिक्षिका! एका वाक्यापाशी थांबले असते तर चहा थोडा थंड झाला असता, इतकंच.

सत्तारभाई मिस्त्री तेव्हा बाजाराच्या दिवशी वडाखाली पंप दुरुस्त करत बसत. पाठीवरचे फवारणीचे पंप. सुदामचा पंप त्यांनी हातात घेऊन उलटा केला, टाकीच्या बुडातून टपटप गळताना पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "बाई, देखो तुम्हारे विद्यार्थी को! ये पंप नहीं, झारी है. आगे से पऱ्हाटी को पिलाता, पीछे से सुदाम को." सगळे हसले, मीही हसले. "दो दिन छोड दे सुदाम, दारव्हा से वायसर लाता हूँ." सुदामला दोन दिवस नव्हते. अळी थांबत नव्हती. त्याने चिंधी घट्ट बांधली आणि पंप घेऊन गेला. सत्तारभाई अजूनही मला भेटले की आधी त्या वायसरचंच बोलतात. एवढासा रबराचा चकतीसारखा तुकडा. तो दुसऱ्या दिवशी आला होता म्हणे. त्यांच्या डब्यात तो अजून आहे. कुणाच्या पंपाला लावायला त्यांचं मन होत नाही.

पुढचं मला कमलाने सांगितलं, म्हणून तिच्याच शब्दांत जमेल तेवढं लिहिते. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ड्रम. विहीर दोन वावरं पलीकडे. बादली एक. त्याच बादलीने पाणी आणायचं, त्याच बादलीत बाटल्या आणि ते स्टिकर ओतून काठीने ढवळायचं, मग ड्रममध्ये टाकायचं. दुपारी सुदामच्या पाठीला ओल लागली. सदरा भिजला होता. पूर्ण बाह्यांचा सदरा, माझ्या चिठ्ठीप्रमाणे. त्याने तो काढला आणि कमलाला म्हणाला, "पानी टाक पाठीवर. बाईनं सांगतलं हाय." तिने टाकलं. त्याच बादलीने. बादलीच्या तळाशी दुधासारखा पांढरा साका होता, तो धुतला गेला तो त्याच्या पाठीवर. "तीन डाव धुतली, बाई," कमला मला म्हणाली. "चांगली चोळून धुतली. तुमी सांगतलं होतं म्हून."

दुपार उतरायच्या आत तो म्हणाला, "मले दोन दोन पऱ्हाट्या दिसून राह्यल्या." मग तोंडाला लाळ. मग घाम, असा की जणू त्याच्यावरच फवारा मारला आहे. मग तो सरीत बसला आणि उठला नाही. जीपमध्ये बाकीच्या प्रवाशांना उतरवून त्याला दारव्ह्याला नेलं, तिथून यवतमाळला.

मी दुसऱ्या दिवशी एसटीने गेले. त्या मोठ्या दवाखान्यातला तो हॉल मी इथे फारसा उभा करणार नाही. एवढंच सांगते, की दारातच लसणाचा वास आला. खाटांवर माणसंच माणसं, सगळी कमावत्या वयाची, काहींचे हात बँडेजच्या पट्टीने खाटेला बांधलेले, कारण ती हात झाडत होती. सुदामच्या बुबुळातला काळा ठिपका मोहरीच्या टोकाएवढा झाला होता. त्याने मला ओळखलं नाही. त्याची बोटं हवेत काहीतरी ढवळत होती.

तिथे चौकशीसाठी आलेले एक साहेब फाईल घेऊन खाटेखाटेपाशी जात होते. स्वच्छ शर्ट, सौम्य बोलणं. आरडाओरडा करणारा माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. हातमोजे घातले होते का? नाकाला पट्टी होती का? औषधं किती मिसळली? कोणी माहिती दिली होती का? हा शेवटचा प्रश्न ऐकला आणि कमलाच्या चेहऱ्यावर उजेड आला. तिने सुदामच्या सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली, आणि पिशवीतून माझी चिठ्ठी. कोरडी, स्वच्छ, एक अक्षर पुसलेलं नाही.

"पाहा साहेब. आमच्या बाईनं लिवून देल्लं होतं. आमी असंतसं नाई केलं."

तिला वाटलं, हा कागद त्याला वाचवेल.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलत गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "मराठीत आहे. तारीख आहे. सही आहे." माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हे अक्षर तुमचं?"

"हो."

"त्यांना वाचून दाखवलं होतं?"

"हो."

"उत्तम लिहिलंय हो. प्रत्येक गावात तुमच्यासारखं कोणी असतं ना, तर ही वेळच आली नसती."

आणि त्यांनी ती चिठ्ठी फाईलला लावली. टाचणीचा आवाज मी ऐकला. खाली त्यांनी लिहिलं, लेखी पूर्वसूचना असूनही संरक्षक साधने वापरली नाहीत. म्हणजे सुदाम राठोड स्वतःच्या निष्काळजीपणाने आजारी पडला. पुरावा, माझं वळणदार अक्षर.

मी म्हटलं, "साहेब, मोजे दुकानात नव्हते."

"तो माझा विषय नाही, मॅडम."

"विहीर दोन वावरं लांब आहे. बादली एकच आहे."

"ते फॉर्ममध्ये नाही, मॅडम."

"पंप गळत होता."

"पंप त्यांचाच ना?"

मी भांडले. त्या हॉलमध्ये उभं राहून, पदर खोचून, आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी माणसाशी मी इंग्रजीत भांडले, कारण मला वाटलं इंग्रजीला तो भिईल. तो भ्यायला नाही. त्याने माझं इंग्रजीही फाईलमध्ये लिहून घेतलं असतं, तेही उत्तम होतं. शेवटी मी चिठ्ठी परत मागितली. त्याने झेरॉक्स दिली. ती माझ्या कपाटात आहे, वरून दुसऱ्या कप्प्यात, निळ्या फाईलमध्ये. फाईलवर मी काहीही लिहिलेलं नाही. ईशान, माझ्या घरात नाव नसलेली तेवढी एकच वस्तू आहे.

मी जन्मभर समजत होते, की बाटलीवरचा मजकूर ती वापरणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. त्या दिवशी कळलं, तो बनवणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. त्यांना नंतर हात झटकता यावेत म्हणून. त्या मुंगीच्या अक्षरांना सगळं माहीत होतं. फक्त अश्विनातलं ऊन माहीत नव्हतं, ज्यात रबराचा कोट घालून माणूस घटकाभरही उभा राहू शकत नाही. डोक्यावर गेलेली पऱ्हाटी माहीत नव्हती. एक बादली माहीत नव्हती. ज्या शहाण्या माणसाने तो मजकूर लिहिला त्याने धुऱ्यावरचा ड्रम कधी पाहिला नव्हता, आणि पाहावा असं त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. मी त्याच्यावर चिडते आणि मग मला आठवतं, की मीही पाहिला नव्हता. मी त्या ड्रमपासून तीन किलोमीटरवर चहा गाळत होते.

सुदाम परत आला. काही आठवड्यांनी, काठीला धरून. जीव राहिला, नजर पुरती आली नाही. त्याला माणूस हलताना दिसतो, चेहरा दिसत नाही. फवारणी गेली, औत गेलं, सायकल गेली. वेचणी तेवढी राहिली, कारण ती बोटांची आहे. फुटलेल्या बोंडाच्या पाच पाकळ्यांत तो पाचही बोटं एकदम घालतो आणि कापूस असा उचलतो, की वाळक्या पानाचा कण त्यात येत नाही. डोळस बायकांच्या ओटीतल्या कापसात कचरा असतो, सुदामच्या ओटीत नसतो. लोक त्याचं कौतुक करतात. मला त्या कौतुकाचाही राग येतो.

बाजाराच्या दिवशी तो ओट्यावर येऊन बसतो. माझ्या चपलांचा आवाज ऐकून म्हणतो, "बाई, आज डावा पाय दुखून राह्यला ना?" एकदा धीर करून मी म्हटलं, "सुदाम, माझी चूक झाली रे." त्याला कळेना. "कायची चूक, बाई? तुमी त धुवायले सांगतलं होतं."

याचं काय करायचं, सांगा तुम्ही दोघं. शिकलेली माणसं आहात.

सई, वर मी लिहिलं की थेंब पाहून मी फोन ठेवला. ते अर्धंच खरं आहे. थेंबापर्यंत मी सावरून बसले होते. तू त्यानंतर जे बोललीस ते ऐकून मी बटण दाबलं. तू म्हणालीस, प्रयोगशाळेतलं संपलं, आता वाळवंटातल्या एका तेलविहिरीवर हे करून बघणार आहेत. पांढरं पीठ पोत्यांतून येईल, मोठ्या टाक्यांत पाण्यात कालवतील आणि जमिनीखाली ढकलतील. आणि मग किती अभिमानाने म्हणालीस, "सुरक्षिततेचं माहितीपत्रक मी लिहिते आहे आजी! सगळ्या सूचना, क्रमांक घालून. तुझ्यावरच गेले आहे ना मी!"

हो. माझ्यावरच गेली आहेस. म्हणून लाईट गेली.

तुझ्यावर रागावले आहे का? थोडी. तुझ्या कणांवर नाही. दगडात अडकलेलं तेल सुटं करायची युक्ती हुशारीची आहे, आणि मी हुशारीला दाद देत आले आहे. दगडात उरलेलं तेल दगडातच राहू द्यावं का, हे मला समजत नाही. आमच्याकडे ढेपेत उरलेलं तेल गुरांच्या वाट्याचं असतं, एवढं मला कळतं. पण तू सगळा वेळ मला दगडाबद्दल सांगत होतीस. दगडाला काय होईल, तेलाला काय होईल, थेंबाला काय होईल. पोतं कोण फोडणार, हे तुझ्या तोंडून एकदाही आलं नाही. मी वाट पाहत होते. मी तुला विचारायला हवं होतं, मी फोन बंद केला, म्हणजे मीही पुन्हा तेच केलं.

म्हणून आता विचारते. त्या वाळवंटात पोती फोडायला कोण असेल? बिहारचे, नेपाळचे, बांगलादेशचे, आपल्यातलेही कोणी? ते कोणत्या भाषेत वाचतात? वाचतात का? केसात हजारो मावणारं पीठ पोतं फोडताना उडेल ते कुठे जाईल? तुझ्या पत्रकात लिहिलेली नाकावरची पट्टी त्या उन्हात माणूस किती वेळ ठेवू शकेल, तू ठेवून पाहिलीस का? पाणी किती लांब आहे? बादल्या किती आहेत? हसू नकोस. बादल्या मोज. पत्रक लिहिण्याआधी तिथे जा. टाकीपाशी एक आख्खा दिवस उभी राहा, एसीच्या खोलीतून नव्हे. जाऊ देत नसतील तर पत्रकावर सही करू नकोस. तारीख तर मुळीच घालू नकोस.

मागच्या बाजाराला मी सुदामला तुझ्या कामाचं सांगितलं. नॅनो म्हटल्यावर तो म्हणाला, "थे त दारव्ह्यात बी भेटते, बाई. पोरानं बाटली आनलती. त्यात काय हाय म्हून इचारलं त दुकानदार म्हने, नॅनो हाय, बारीक असते." मग त्याने सगळं ऐकून घेतलं. तेल, दगड, पाचर. दोन चकत्यांचं सांगितलं तेव्हा त्याने तळहात उघडा धरला, जणू त्याच्यावर थेंब टाकणार आहेत. "अळूच्या पानावानी," तो म्हणाला. तळहात मिटून घेतला. मग म्हणाला, "लई हुशार हाय तुमची नात. माह्यावाला एक प्रश्न हाय, तिले इचारता का?"

मी म्हटलं, तूच विचार.

तर येत्या रविवारी, नेहमीच्या वेळेला फोन कर. लाईट जाणार नाही. सुदाम माझ्या शेजारी खुर्चीत बसलेला असेल. त्याच्याशी बोलताना चकती दाखवू नकोस, त्याला दिसणार नाही, नीट शब्दांत सांग. तो तुला विचारेल, "थे पानी आंगावर सांडलं त काय होते?" उत्तर माहीत असेल तर सांग. नसेल तर "मला माहीत नाही" असं म्हण. तो ऐकून घेईल. हे वाक्य त्याला आजवर कोणी म्हटलेलं नाही, दुकानदाराने नाही, साहेबांनी नाही, आणि मीही नाही.